काळ्या रानातली सिमेंटची वाट

बारामतीलगतच्या पिंपळीपासून खाली इंदापूरपर्यंत, निरा डाव्या कालव्याच्या भिजवणाखालचं बरंचसं रान काळ्या मातीचं. ही माती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते आणि भेगाळते. घराभोवतीची सिमेंटची वाट बहुतेकदा याच हालचालीने फुटते. बोल मात्र सिमेंटला लागतो. पाऊस इथे बेताचाच. पण ऐन मे महिन्यात उसाला आवर्तनाचं पाणी सुटलं की शेजारच्या वस्तीखालची जमीनही फुगते.

आखणीआधी माणसं कुठून चालतात ते पाहावं. दारापासून गोठा, हौद, विहिरीवरची मोटार इथवरचा माग जमिनीवर उमटलेलाच असतो. काटकोनात आखलेली वाट सोडून लोक कोपरा कापतात आणि चिखल घरात आणतात. एकट्याला 3 फूट रुंदी पुरते, दोघांना साडेचार लागतात. पाण्याचे आणि विजेचे पाइप आधीच टाकावेत, नाहीतर कोऱ्या वाटेवर ब्रेकर चालवावा लागतो.

खरं काम जमिनीखालचं. फूट-दीड फूट काळी माती काढून तिथे मुरूम भरावा. तोही एकदम नव्हे, सहा-सहा इंचांचे थर देत, पाणी मारत, धुम्मस करत. गावोगाव वाचवला जातो तो नेमका हाच खर्च. वर 4 इंच काँक्रीट. उसाची ट्रॉली जिथून ओलांडणार तिथे 6 इंच आणि आत सळई. 3 फूट रुंद, 100 फूट लांब, 4 इंच जाड वाटेचं काँक्रीट बरोबर 1 ब्रास भरतं. 1:1.5:3 या प्रमाणाला त्यात 22-23 पोती सिमेंट जातं.

वाट जोत्याच्या 6 इंच तरी खाली असावी आणि घरापासून बाहेर उतरावी. 3 फुटांत पाऊण इंच उतार पुरतो. जोतं आणि वाट यांच्यामध्ये अर्ध्या इंचाची डांबरी पट्टी घालावी, म्हणजे वाट हलली तरी भिंतीला ओढत नाही. दर 4 फुटांवर इंचभर खोल सांधा पाडावा. तडा जायचाच असेल तर तो त्या रेषेतच जातो. गवंड्यांना पृष्ठभाग आरशासारखा घोटायची हौस. गोठ्याकडच्या ओल्या वाटेवर तीच पाय घसरवते. त्यापेक्षा ओल्या काँक्रीटवर आडवा झाडू ओढावा.

नंतर ओलं गोणपाट अंथरून किमान 10 दिवस पाणी मारावं, उन्हाळ्यात दुपारीसुद्धा. पायी ये-जा दोन-तीन दिवसांनी चालते, ट्रॅक्टर मात्र 28 दिवस लांबच ठेवावा.