कल्हईविना घासलेलं भांडं

घाटाखालच्या मलकापूर-नांदुऱ्याकडचं ऊन ज्यांनी खाल्लंय, त्यांना वेगळं सांगायला नको. तिथं चार-सहा वर्षं उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीच्या हेडलाइटच्या काचा हळदीच्या पाण्यातून काढल्यासारख्या दिसतात. मग कुणीतरी पाहुणा हमखास म्हणतो, "अहो, टूथपेस्ट लावा की!"

मंडळी, माझं टूथपेस्टशी भांडण नाही. भांडण आहे ते अर्ध्यावर सोडलेल्या कामाशी.

मुळात ती 'काच' नसतेच. जुन्या अॅम्बॅसॅडर, पद्मिनीला खरी काच असायची. ती फुटायची, पण पिवळी पडायची नाही. आताचं पॉलिकार्बोनेट हलकं आणि चिवट, पण उन्हातल्या अतिनील किरणांपुढे दुबळं. म्हणून कारखान्यातच त्यावर संरक्षक लेप देतात. ऊन-धुळीनं तो झिजला की प्लॅस्टिक पिवळं पडू लागतं. टूथपेस्टमधली बारीक भुकटी वरचा थर थोडाफार खरवडते. काच चमकते, घरचे खूश! पण लेप काही परत येत नाही, आणि थोड्याच दिवसांत पिवळेपणा पुन्हा हजर.

आमच्या आजीच्या पिढीला हे समजवावं लागलं नसतं. पितळी पातेलं चिंचेनं घासलं की सोन्यासारखं दिसायचं, पण कल्हई नसेल तर त्यात आंबट कुणी शिजवत नसे. चकाकी वेगळी, कल्हई वेगळी.

तेव्हा करायचं तर पुरतं करावं. घरी सहज जमतं. दिवा धुऊन भोवतीच्या रंगावर मास्किंग टेप लावायची. मग पाणी सोडत वॉटर पेपरनं घासायचं, आधी १०००, मग २०००, शेवटी ३००० नंबरचा. सुरुवातीला काच आणखीच पांढुरकी दिसते, घाबरू नये. नंतर पॉलिश करून, पुसून, पूर्ण कोरडी झाल्यावर अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट. हीच आपली कल्हई! पेट्रोल किंवा थिनर मात्र नको, त्यानं पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात. आणि खराबी आतून असेल तर बाहेरून घासून उपयोग नाही.

हे नुसतं शोभेचं काम असतं तर मी एवढं लिहिलंच नसतं. अमेरिकेतल्या 'ट्रिपल ए' या मोटारचालकांच्या संघटनेनं २०१८ मध्ये चाचणी केली, तेव्हा खराब झालेल्या दिव्यांचा उजेड नव्याच्या साधारण २० टक्केच भरला. नीट दुरुस्त केल्यावर तो ७० टक्क्यांच्या आसपास गेला. आता राजूर घाटाची वळणं आठवा, किंवा बोथ्याच्या जंगलातून जाणारा खामगाव रस्ता. मागे लाल दिवा नसलेली ट्रॉली, कडेनं चाललेली बैलगाडी, अचानक आडवी येणारी रानडुकरं. अशा ठिकाणी २० टक्क्यांवर गाडी हाकायची?

काही जण यावर जास्त वॅटचा बल्ब टाकतात. मला हा उपाय मुळीच पटत नाही. धुरकट प्लॅस्टिकमधून उजेड फाकतो आणि समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यात जातो. आपल्याला धड दिसत नाही, आणि त्यालाही दिसू देत नाही.

असो. दिवाळीला भांडी घासायला काढाल तेव्हा अंगणातल्या गाडीकडेही जरा बघा. आणि क्लिअर कोट आणायला विसरू नका, बरं का!