ॲसिडच्या बाटलीवर आकडा हवा

ॲसिड प्यायलेला रुग्ण आला की आम्ही नातेवाइकांना बाटली आणायला सांगतो. अनेकदा येते ती पाण्याची जुनी बाटली. आत सुटे विकत घेतलेले ॲसिड, बाहेर लेबल नाही. ते किती तीव्र, कोण सांगणार?

खरे तर हे बारावीच्या प्रयोगशाळेतले टायट्रेशन. १ मिली ॲसिड भरपूर पाण्यात मिसळून फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब घालायचे आणि ब्युरेटमधून ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड सोडायचे. फिका गुलाबी रंग टिकायला ३० मिली लागले, तर हायड्रोक्लोरिक ॲसिड ३ मोलर. रेणुभार ३६.५, म्हणजे लिटरमध्ये सुमारे ११० ग्रॅम. अन्ननलिका भाजायला एवढे पुरते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले, खरेदीदाराची नोंद सक्तीची केली. त्या नोंदीइतकाच बाटलीवर तीव्रतेचा आकडाही सक्तीचा हवा आणि तो अधूनमधून तपासलाही जावा.

मात्र टायट्रेशन काचपात्रातच शोभते. रुग्णाला सोडा किंवा चुन्याची निवळी पाजू नका. उष्णतेने इजा वाढते, सोड्याने वायूही होतो. उलटी करवू नका. बाटली घेऊन थेट रुग्णालय गाठा.