ज्याला वापरायचे, त्याला विचारा

घर बांधताना आम्ही गवंड्याला विचारले, ओळखीच्या इंजिनियरला विचारले. शेजारच्या अण्णांनी तर न विचारताच सांगितले. विचारायची राहिली ती एकच व्यक्ती – जिला त्या स्वयंपाकघरात जन्म काढायचा होता ती! परिणामी आमच्या ओट्यावर कणकेची परात ठेवली की पोळपाटाला जागा नाही, आणि मला तोंड दाखवायला जागा नाही.

परवा एका विमानाविषयी वाचताना हा ओटा आठवला. कॅनडाच्या उत्तरेला नुसते अरण्य, तळी आणि बर्फ. जिथे रस्ता नाही, तिथे धावपट्टी कुठली? अशा मुलखासाठी विमान बांधायचे ठरले, तेव्हा डी हॅविलंड कॅनडा या कंपनीच्या पंच डिकिन्स यांनी तिथे उडणाऱ्या वैमानिकांनाच त्यांच्या गरजा विचारल्या. डिकिन्स स्वतः त्याच आभाळात मुरलेले. वैमानिकांना वेगाची मोठी हौस नव्हती. थोड्या जागेत उठावे, थोड्या जागेत बसावे आणि ओझे मुकाट्याने वाहावे, एवढेच त्यांचे मागणे.

तसेच ‘बीव्हर’ झाले. इंजिन ४५० अश्वशक्तीचे. जमिनीसाठी चाके, बर्फासाठी स्की, तळ्यासाठी होडीसारखे तरंगते पाय. दारे इतकी रुंद की इंधनाचे पिंप सरळ आत लोटावे. इंजिनाचे तेल तर वैमानिकाला बसल्या जागेवरून, उडता उडता ओतता येते! कडाक्याच्या थंडीत बाहेर उभे राहून तेल ओतलेल्या माणसालाच या सोयीची किंमत कळणार.

१६ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे आपण स्वतंत्र झालो त्याच्या दुसऱ्याच दिवशी, बीव्हर प्रथम उडाले. १९६७ पर्यंत अशी सोळाशेंहून अधिक विमाने झाली. एव्हरेस्टवीर हिलरी १९५८ साली दक्षिण ध्रुवावर पोहोचले, त्या मोहिमेच्या दिमतीलाही एक बीव्हर होते. कित्येक बीव्हर आजही उडत आहेत.

वाचून मी जरा खजील झालो. वीस वर्षे वर्गात शिकवतो आहे; पण मागच्या बाकावरच्या मुलाला काय अडते, हे त्याला कधी विचारले नाही. ते मला कळते थेट उत्तरपत्रिकेत, आणि तोवर त्याचे वर्ष गेलेले असते.

निदान घरापासून सुरुवात करावी म्हणून सौ.ला विचारले, “ओटा नेमका कसा हवा होता गं?”

पोळी लाटता लाटता ती म्हणाली, “माझं निभलं. लेकीच्या घराचा ओटा घालायची वेळ आली, की तेवढं तिला विचारा.”