भुकेला पुढची तारीख देता येत नाही

घटस्फोटाच्या दाव्यात नवरा आणि बायको हे पक्षकार असतात. मूल पक्षकार नसते. पण लांबलेल्या प्रत्येक दिवसाची किंमत तेच मोजते. दुधाचा हिशेब महिन्याचा, दाव्याचा निकाल वर्षांचा. मधल्या काळात मुलाने जगावे म्हणून कायद्यात अंतरिम पोटगी आली. पण जी वेळेवर हाती पडत नाही, तिला पोटगी म्हणावे काय?

कायदा अपुरा आहे, ही सबब टिकणारी नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे कलम २६ मुलांच्या पालनपोषणासाठी व शिक्षणासाठी दावा चालू असतानाच आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाला देते. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ सर्व धर्मांच्या, औरस-अनौरस अशा सर्व मुलांसाठी होते; १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने त्याची जागा घेतली. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अंतरिम अर्ज निकालात काढावा, असे २००१ साली या दोन्ही कायद्यांत लिहिले गेले. 'शक्यतो' या एका शब्दाच्या भोकातून ते साठही दिवस गळून गेले.

नागपुरात सुरू झालेल्या एका प्रकरणात २०१३ साली अर्ज झाला, अंतरिम आदेश २०१५ साली मिळाला, उच्च न्यायालयाने तो २०१८ साली कायम केला आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ४ नोव्हेंबर २०२० रोजी लागला. तात्पुरत्या मदतीचा वाद सात वर्षे चालला! त्या निकालाने देशभरासाठी चांगले नियम घातले: दोन्ही पक्षांनी उत्पन्न व मालमत्तेचे शपथपत्र द्यावे, पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजावी. मात्र शपथपत्रांनंतर निर्णयासाठी चार ते सहा महिन्यांची मुदत धरावी लागली. साठ दिवसांच्या वचनाचे काय झाले, याची याहून स्पष्ट कबुली कोणती?

शपथपत्रातही वर्गभेद आहेच. पगारदाराचे उत्पन्न पगारपत्रकावर दिसते. कंत्राटदार, व्यापारी आणि बडा बागाईतदार यांचे उत्पन्न मात्र न्यायालयाच्या पायरीवर पाऊल पडताच निम्मे होते. उलट बिगारी कामगाराची पोटगी थकली, तर दर महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. त्याची मजुरी बुडते, आणि मुलाच्या ताटात काहीच पडत नाही.

पोटगी हे बायकांचे हत्यार झाले आहे, अशी ओरड हल्ली मोठी आहे. नवरा-बायकोतील आरोपांचा निवाडा न्यायालयाने खुशाल करावा. मुलावर कोणता आरोप आहे? मुलाला भेटू देत नाहीत म्हणून पैसे रोखणारा बाप भेटीचा हक्क न्यायालयाकडे मागू शकतो. त्यासाठी मुलाचे पोट ओलीस ठेवण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?

खरा उपाय एकच आहे. ठराविक किमान रक्कम शासनाने मुलाला आगाऊ द्यावी आणि मागाहून ती बापाकडून वसूल करावी. स्वीडनने असा कायदा १९३७ साली केला; पश्चिम जर्मनीत १९८० पासून ही व्यवस्था सुरू झाली आणि आज साऱ्या जर्मनीत ती चालते. जमीन महसुलाच्या थकबाकीसाठी जप्तीची यंत्रणा बाळगणाऱ्या महाराष्ट्र शासनाला हे अशक्य नाही. आज एकटी आई थकबाकीमागे धावते आणि तिने वर्षाच्या आत अर्ज केला नाही, तर वसुलीचे वॉरंटही मिळत नाही. ही धावपळ शासनाच्या शिरावर गेली पाहिजे.

ही मागणी मान्य होईपर्यंत कार्यकर्त्यांना काम आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना व मुलांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. वस्तीतील आणि गावातील किती स्त्रियांना हे ठाऊक आहे? पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजली जात असल्याने, समेटाच्या आशेवर गेलेला प्रत्येक महिना मुलाच्या हक्कातून वजा होतो. म्हणून तालुका विधी सेवा समितीपर्यंत आईच्या सोबतीने जाणे आणि अर्ज पहिल्याच आठवड्यात दाखल करविणे, हे मोर्चाइतकेच राजकीय काम होय.