उजळ फोटो आणि सात फुटी छत्री

मराठीतल्या ‘उजळ’ या एका शब्दाने फोटोग्राफीचं जेवढं नुकसान केलंय, तेवढं स्वस्तातल्या कॅमेऱ्यांनीही केलं नसेल. सकाळी आभाळ उजळतं, घासला की तांब्या उजळतो आणि लग्नाच्या बायोडाटात मुलगी उजळ असते. (तिथे नाहीच जमलं तर ‘निमगोरी’. हा शब्द ज्याने काढला त्याला भाषेचा एखादा पुरस्कार द्यायला हवा, नाहीतर शिक्षा.) मग फोटोवाल्यालाही आपण सांगतो, “दादा, जरा उजळ येऊ द्या.” त्याने काय समजायचं? चेहऱ्यावर उजेड वाढवायचा, की चेहऱ्याचा रंगच बदलायचा? ही दोन अगदी वेगळी कामं आहेत. पहिलं काम छत्रीचं. दुसरं कुणाचंच नाही, तरी सगळे तेच करतात.

छत्री म्हणजे पावसाळ्यातली नव्हे. स्टँडवर लावतात ती, पांढऱ्या किंवा चंदेरी कापडाची, फ्लॅशचा उजेड पसरवणारी. पूर्वी ती स्टुडिओच्या कोपऱ्यात पडलेली असायची आणि पासपोर्ट फोटोपुरती कामाला यायची. आता सहा-सात फुटी छत्र्या उघड्यावर आल्या आहेत. रविवारी सकाळी तारामती बारादरीकडे किंवा दुर्गम चेरुवूच्या केबल पुलाकडे चक्कर मारा. एखादं प्री-वेडिंगवालं जोडपं आणि त्यांच्या डोक्याशी तिरकी धरलेली पांढरी छत्री बहुधा दिसेल. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की आपल्या मंडळानेही ही छत्री जरूर वापरावी. पण आज ती बहुतेक ठिकाणी ज्यासाठी वापरतात, त्याच्या नेमक्या उलट कारणासाठी.

आधी उन्हाचं बघू. आपलं शहर साधारण १७.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून वर्षातून दोनदा, ९ मे आणि ३ ऑगस्टच्या आसपास, भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्याच पायाखाली जाते. शून्य सावलीचा दिवस म्हणतात त्याला. खांबाला त्याची मजा वाटत असेल, चेहऱ्याला नाही वाटत. भुवयांची सावली डोळ्यांच्या खोबणीत, नाकाची ओठांवर, हनुवटीची गळ्यावर. आणि त्यासाठी मे महिनाच लागतो असं नाही. २७ फेब्रुवारीला, म्हणजे मराठी भाषा गौरव दिनाला, सूर्य दुपारी सुमारे ६४ अंशांपर्यंत चढलेला असतो. त्या दिवशी भाषणं संपतात कधी? साडेबारा-एकला. मग पैठण्या, नऊवाऱ्या, फेटे सगळे अंगणात उभे, डोळे बारीक केलेले, आणि फोटोत डोळ्यांच्या जागी दोन-दोन काळे खड्डे.

यात सूर्याचा दोष एवढाच की तो फार लहान आहे. हसू नका. त्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर, पण तो आपल्यापासून १५ कोटी किलोमीटर दूर, त्यामुळे आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाएवढा दिसतो. आणि उजेड मऊ पडणार की कडक, हे दिवा खरा केवढा आहे यावर ठरत नसतं. चेहऱ्यापासून बघितलं तर तो केवढा दिसतो, यावर ठरतं. सात फुटी छत्री चेहऱ्यापासून दोन मीटरवर आणली की ती ५५ अंशांची होते. म्हणजे सूर्याच्या शंभरपटीहून रुंद. तीच छत्री आठ मीटर मागे नेली तर उरतात १५ अंश. पुष्कळ जण नेमकं हेच करतात: मोठी छत्री हौसेने घेतात आणि फोटोत यायला नको म्हणून लांब नेऊन उभी करतात. मग छोटी काय वाईट होती? शिवाय तीन मीटरवरची छत्री सहा मीटरवर गेली की उजेडही जवळजवळ चौथाई होतो, म्हणजे फ्लॅशची सगळी ताकद वाटेतच खर्च. छत्री फ्रेमच्या काठाला घासेल इतकी जवळ हवी. चुकून तिचं एखादं टोक फोटोत आलं तर कापता येतं.

आता मुद्द्याचं. गोऱ्या चेहऱ्याची ठेवण फोटोत मुख्यतः उजेडाकडून सावलीकडे जाणाऱ्या उतारातून कळते. सावळ्या, काळ्या चेहऱ्याची ठेवण त्याहून जास्त चकाकीतून कळते, म्हणजे त्वचेवर दिव्याचं जे प्रतिबिंब पडतं त्यातून. गडद रंगाची पैठणी दिव्याखाली धरून बघा. घडी कुठे वळली ते रंगावरून समजत नाही, झळाळीवरून समजतं. तसंच हे. दिवा बारीक असेल तर कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर पांढरे ठिपके उठतात आणि बाकीचा चेहरा बुडून जातो. मग फोटोवाला एक्सपोजर वाढवतो. ठिपके आणखी जळतात. म्हणून पावडर. पावडरीनेही भागत नाही म्हणून शेवटी कॉम्प्युटरवर सगळी त्वचा सरसकट फिकी. एकदा का हे सुरू झालं की थांबायचं कुठे हे कुणालाच कळत नाही, आणि आपल्याच वर्गातली मुलगी फोटोत ओळखू येत नाही.

दिवा मोठा आणि जवळ असला की तीच चकाकी गालाच्या हाडावरून खाली हनुवटीपर्यंत एकसारखी पसरते. ठिपका राहत नाही, पट्टा होतो. रंग आहे तोच राहतो आणि चेहरा स्पष्ट दिसतो. डोळ्यांत तर छत्रीचं प्रतिबिंब काड्यांसकट उतरतं. फोटो मोठा करून बघा, बुबुळात एक चिमुकली छत्री उघडलेली सापडेल. म्हणजे सावळ्या माणसाला उजेड जास्त हवा ही समजूतच चुकीची आहे. त्याला उजेड रुंद हवा. हे ज्यांना ठाऊक आहे ते फोटोग्राफर या शहरात आहेत, नाही असं नाही. पण गिऱ्हाईकच पैसे देताना “फेअर करून द्या” म्हणतं, तिथे ते बिचारे काय करणार? छत्री लावतात आणि फ्लॅश दुप्पट-चौपट करून चेहरा धुऊन काढतात. सात फुटी छत्रीचा हा उपयोग म्हणजे उसाच्या चरकात पुस्तक घालण्यासारखा आहे.

विठोबाला सावळा म्हणताना आपला कंठ दाटून येतो. घरातल्या मुलीला सावळी म्हणताना मात्र आवाज खाली येतो. ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० मध्ये नावातलं ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातलं. नाव बदललं, गिऱ्हाईक तेच. फोनमधल्या ब्यूटी मोडला तर नाव बदलायचीही गरज पडली नाही.

हे आजचंच आहे का? या शहराला फोटोग्राफीचा इतिहास आहे आणि तो थोडाथोडका नाही. लाला दीनदयाळ, जन्म १८४४, मेरठजवळच्या सरधन्याचे. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात शिकले, इंदूरला नकाशे काढायची नोकरी केली, तिथेच कॅमेरा हातात घेतला, आणि पुढे सिकंदराबादला स्टुडिओ काढला. सहाव्या निजामाने, मीर महबूब अली खान यांनी, त्यांना ‘राजा’ केलं. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ उघडला. बाहेरच्या कुणाची नजर पडू नये म्हणून भोवती उंच भिंती, आणि कॅमेऱ्यामागे श्रीमती केनी-लेविक नावाच्या इंग्रज बाई. पडद्यातल्या बायकांना स्वतःचा फोटो हवा होता आणि त्यासाठी एक आख्खी इमारत उभी राहिली, ही गोष्ट मला फार आवडते.

त्या काळच्या स्टुडिओंत उजेड यायचा तो काचेच्या छपरातून आणि भिंतीतून, पडदे सरकवून हवा तितकाच. आजच्या मोठ्या छत्रीची ती आजीच. काच शक्यतो उत्तरेकडे ठेवा असा पाश्चात्त्य पुस्तकांचा नियम, कारण तिकडून ऊन येत नाही, नुसतं आभाळ येतं. (आपल्याकडे मे ते ऑगस्ट सूर्य दुपारी उत्तरेलाच असतो, त्यामुळे तीन महिने तो नियम इथे लंगडा पडणार.) पण त्या काळच्या काचेच्या प्लेटांची एक खोड होती. निळा रंग त्यांना चटकन दिसायचा, तांबडा जवळजवळ नाहीच. आपल्या त्वचेत तांबडं-तपकिरीच जास्त. त्यामुळे त्या फोटोंत आपली माणसं होती त्याहून काळी उतरली. आता फोनचं सॉफ्टवेअर त्यांना आहेत त्याहून गोरी करतं. सव्वाशे वर्षांत लंबक या टोकाकडून त्या टोकाला गेला. मधल्या खऱ्या रंगावर कधी थांबलाच नाही म्हणा ना.

छत्रीला विरोध करणारेही आहेत. आमच्यातलेच काही जण म्हणतात, नॅचरल लाइटच खरा, फ्लॅश म्हणजे नाटक. ऐकायला बरं वाटतं. पण त्यांचा नॅचरल लाइट म्हणजे संध्याकाळची सोनेरी वेळ, आणि विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, युरोपात उतरतो तसा तिरका रेंगाळत नाही. ती वेळ हां-हां म्हणता संपते. तोवर हॉस्टेलच्या मुली आत, बसवाले बसमध्ये. दुपारी एकचं ऊन हेही नॅचरलच की. त्यात काढलेला खड्ड्या-डोळ्यांचा फोटो खरा, आणि माणूस जसा दिसतो तसा दाखवणारा फोटो नाटकी, हे कुठलं सत्य? चेहऱ्याचा रंग न बदलता तो दिसू देणं, याला मी तरी प्रामाणिकपणाच म्हणेन.

विरोधाचं एक कारण मात्र मला पटतं, ते म्हणजे वारा. सात फुटी छत्री म्हणजे साडेतीन चौरस मीटरचं शीड. ताशी २० किलोमीटर वारा सुटला की तिच्यावर आठ-नऊ किलोचा जोर येतो. वारा दुप्पट झाला की जोर चौपट. स्टँडला वाळूची पिशवी बांधली नसेल तर छत्री, फ्लॅश आणि कुणाचं तरी कपाळ, तिघांचंही काही खरं नाही. जून-जुलैच्या वाऱ्यात गोवळकोंड्याच्या चढावर तर नक्कोच. (तिथे स्टँड लावायलाही आधी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.)

म्हणून छत्री धरायला एक माणूस ठेवतात, आणि त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. ‘छत्रपती’ हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा ऐकतो. छत्र ज्याच्या डोक्यावर, तो. छत्र धरणाऱ्याचं नाव मात्र सांगता येत नाही. आजही तेच चाललंय. जोडप्यासाठी मेकअप, पाणी, टॉवेल. छत्रीवाला अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा, आपल्याच वयाचा, दोन्ही हातांनी दांडा धरून दुपारभर उन्हात. छत्री उजेडाची असल्यामुळे तिची सावलीही त्याला मिळत नाही. पोस्टमध्ये मेकअपवालीचं, कपडेवाल्याचं, ड्रोनवाल्याचंसुद्धा नाव असतं. त्याचं नसतं. आपल्या अंकात फोटोखाली नावं छापताना हे एवढं तरी आपल्या हातात आहे.

मंडळाने काय करावं, ते सांगतो. मोठी छत्री लगेच विकत घ्यायला हवी असं नाही. कॉलेजचा व्हरांडा हीच आपली सगळ्यात मोठी छत्री: वर छप्पर, समोर मोकळं आभाळ, ऊन अंगणात. माणसांना व्हरांड्याच्या कडेशी उभं करा, तोंड बाहेर, आणि डोळे बघा कसे उघडतात. चॅपलच्या पायऱ्यांवरच फोटो हवा असा हट्ट असेल तर सकाळी नऊला, भाषणांच्या आधी. दुपारीच काढायचा तर उन्हाकडे पाठ करा. सूर्याने केसांना किनार द्यायची, चेहरा छत्रीने सांभाळायचा. नुसत्या पांढऱ्या पातळ कापडाची छत्री फ्लॅशशिवायही चालते, ऊन आणि चेहरा यांच्यामध्ये धरली की झालं. पाठीमागचं अंगण थोडं जास्त पांढरं येईल, येऊ दे. फ्लॅशनेच करायचं तर कॅमेऱ्यावरचा एकटा लहान फ्लॅश पुरणार नाही. भर उन्हात आयएसओ १०० आणि शटर १/२०० ला एफ ११ लागतं, आणि मोठी छत्री वाटेत बराच उजेड खाते. त्याला २०० वॉट-सेकंद किंवा अधिकचा दिवा लागतो. असा दिवा एक दिवसासाठी भाड्याने आणता येईल.

आणि फोटो निवडायला बसाल तेव्हा स्क्रीनची ब्राइटनेस पूर्ण वर नेऊन बसू नका, आणि ज्याचा फोटो आहे त्याला शेजारी बसवा. रंग जुळतोय का ते त्याच्या हाताकडे बघून ठरवायचं. कुणी म्हणालंच, “अगं, जरा उजळ कर ना,” तर विचारायचं: उजेड कमी पडलाय का? पडला असेल तर पुन्हा काढू, छत्री आणखी एक हात जवळ घेऊ.