‘एअरफायबर’मध्ये फायबर नेमके कुठे? जोडणी घेण्याआधी हे समजून घ्या

कंपनीचा माणूस येतो, गच्चीवर किंवा गॅलरीत एक डबा बसवतो आणि घरात वायफाय सुरू होते. ना खोदकाम, ना भिंतीला भोक पाडण्यावरून सोसायटीशी वाद. ग्राहक खूश! फक्त एकच गोष्ट त्याला कुणी सांगत नाही. नावात ‘फायबर’ असले तरी त्याच्या घरापर्यंत फायबर आलेलेच नाही.

एअरटेलने ऑगस्ट २०२३मध्ये आणि जिओने त्याच वर्षी गणेश चतुर्थीला ‘एअरफायबर’ सुरू केले. तांत्रिक भाषेत हे फिक्स्ड वायरलेस ॲक्सेस, म्हणजेच एफडब्ल्यूए. शेवटचा टप्पा रेडिओलहरींचा. काही ठिकाणी तर ५जी नव्हे, तर परवाना न लागणाऱ्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातून सिग्नल येतो. वायफायही याच पट्ट्यात चालते.

याने काय फरक पडतो? खऱ्या फायबरमध्येही वाटणी असतेच. जीपीओएन या प्रचलित पद्धतीत एका फायबरवर डाउनलोडसाठी सुमारे २.५ जीबीपीएस आणि अपलोडसाठी १.२५ जीबीपीएस क्षमता असते. ती स्प्लिटर लावून साधारण ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. ६४ घरांनी एकाच क्षणी डाउनलोड सुरू केले, तरी प्रत्येकाच्या वाट्याला ३९ एमबीपीएसच्या आसपास वेग येतो. म्हणजे वाटेकरी किती, हे आधीच ठरलेले असते.

टॉवरचे तसे नाही. तिथे त्याच परिसरातले मोबाइलवालेही वाटेकरी. ५जीमध्ये ‘स्लायसिंग’ करून घरगुती ग्राहकांसाठी काही हिस्सा राखता येतो. पण स्पेक्ट्रम तेवढाच राहतो. आयपीएलच्या रात्री बफरिंग झाले तर चिडचिड होते, इतकेच. ऑनलाइन मुलाखत सुरू असताना आवाज तुटला तर नोकरी जाऊ शकते.

तंत्रज्ञान वाईट आहे, असे मुळीच नाही. कोकणातल्या डोंगरावरच्या वाडीत किंवा वायर टाकायला जागाच नसलेल्या जुन्या चाळीत एफडब्ल्यूए हाच शहाणा पर्याय. खटकते ते नाव. ट्रायच्या अहवालांत वायरची आणि वायरलेस जोडणी वेगवेगळी मोजली जाते. मग हा फरक ग्राहकाच्या बिलावर ठळक छापायला काय हरकत आहे? जाहिरातीत अपलोडचा वेगही डाउनलोडच्या शेजारी, त्याच अक्षरात असावा. सरकारी व्याख्येत तर जानेवारी २०२३पासून किमान २ एमबीपीएस डाउनलोड मिळाले की ते ‘ब्रॉडबँड’. घरून काम करणाऱ्याला यातून काहीच कळत नाही.

तोवर ग्राहकानेच जोडणीआधी विचारावे : घरात येणारी वायर फायबरची की गच्चीवरच्या डब्याची? शेजाऱ्याकडे तीच सेवा असेल तर रात्री नऊ-दहाच्या सुमारास स्पीड टेस्ट करून पाहावी, सकाळी नव्हे. आणि वारंवार वीज जात असेल तर आणखी एक मुद्दा. जीपीओएनमध्ये एक्स्चेंजपासून घरापर्यंतच्या वाटेवर विजेवर चालणारे उपकरण सहसा नसते. एक्स्चेंजला बॅकअप असेल, तर घरातला राउटर आणि फायबरचा डबा इन्व्हर्टरवर ठेवला की काम भागते. एअरफायबरला मात्र जवळच्या टॉवरची बॅटरीही टिकावी लागते.