पस्तिशीच्या आत परिचारिका

परिचारिकांचा तुटवडा आहे, हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की आता त्याला कोणी हरकतही घेत नाही. २०२३ च्या अर्थसंकल्पात केंद्राने १५७ नवी परिचर्या महाविद्यालये काढण्याची घोषणा केली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने त्यासाठी १,५७० कोटी रुपये मंजूर केले. ऑगस्टमध्ये १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा संमत झाला. या साऱ्या हालचालींत गृहीत धरलेली विद्यार्थिनी मात्र एकच आहे : नुकतीच बारावी झालेली, अठरा वर्षांची आणि आईवडिलांच्या खर्चाने शिकणारी.

दुसरी एक विद्यार्थिनी या चित्रात कुठेच दिसत नाही. ती तिशी ओलांडलेली आहे. खासगी शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवते, किंवा एखाद्या कचेरीत हिशेब लिहिते. करोनाच्या साथीत घरातल्या कोणासाठी रुग्णालयाच्या खेपा घालताना तिला हा पेशा जवळून दिसला. आपल्याला हे जमेल आणि यात पोटही भरेल, असे तिला वाटू लागले. तिच्यापुढचा प्रश्न कोणते महाविद्यालय नामांकित आहे हा नसतो. साठवलेल्या पैशांत आणि उरलेल्या वयात काय बसते, हा असतो.

वाटा तीन. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचे. त्यासाठी बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे, शिवाय राज्याची सीईटी द्यावी लागते. जीएनएम ही पदविका तीन वर्षांची. बारावीला कला वा वाणिज्य शाखा असली तरी इंग्रजी विषय आणि किमान ४० टक्के गुण असल्यास तिचे दार उघडे असते. एएनएम दोन वर्षांचे आणि केवळ स्त्रियांसाठी. गावोगावच्या आरोग्य उपकेंद्रांत दिसणारी आरोग्य सेविका बहुधा याच वाटेने आलेली असते. आधीची बीए, बीकॉम, अगदी प्राणिशास्त्रातली बीएस्सी पदवी असली तरी तिची एका दिवसाचीही सूट मिळत नाही. अमेरिकेत अन्य शाखेच्या पदवीधरांसाठी सव्वा-दीड वर्षात परिचर्येची पदवी देणारे अभ्यासक्रम आहेत. आपल्याकडे एम. ए. झालेली बाईही बारावीच्या मुलीशेजारी पहिल्या बाकावरूनच सुरुवात करते.

तेव्हा स्वस्त काय? फीचे आकडे पाहिले तर उत्तर सोपे वाटते. सरकारी संस्थांतील फी नाममात्र असते, तर अनेक खासगी महाविद्यालयांत वर्षाचा खर्च लाखाच्या घरात जातो. पण नोकरी सोडून येणाऱ्यासाठी फीपेक्षा मोठा खर्च बुडालेल्या पगाराचा असतो. महिना १८ हजार मिळवणारी व्यक्ती चार वर्षे घरी बसली की ८ लाख ६४ हजार रुपये गेले. तीन वर्षांत हाच आकडा ६ लाख ४८ हजार होतो. नोकरी सांभाळून शिकू म्हणावे तर तेही शक्य नाही. प्रात्यक्षिकांची शंभर टक्के उपस्थिती भरल्याशिवाय पदवी हाती पडत नाही, आणि रुग्णालयातील पाळ्या कचेरीच्या वेळा पाहून लागत नाहीत. रुग्णसेवेचे मूळ शिक्षण टपालाने किंवा संगणकाच्या पडद्यावर होत नसते, आणि ते होऊ नये हेच योग्य.

त्याहून निर्दय हिशेब वयाचा आहे. या अभ्यासक्रमांना प्रवेशाची कमाल मर्यादा ३५ वर्षे. राज्य सरकारच्या नोकरीची मर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ३८, मागासवर्गीयांसाठी ४३. आता चौतिसाव्या वर्षी बीएस्सीला बसलेली खुल्या प्रवर्गातील स्त्री पाहा. ती बाहेर पडेल तेव्हा अडतीस वर्षांची असेल आणि परिषदेची नोंदणी हाती येईपर्यंत सरकारी दार मिटलेले असेल. जीएनएम केले तर सदतिसाव्या वर्षी बाहेर. एखादी जाहिरात गाठता आली तर आली. केंद्राच्या एम्स संस्थांमधील परिचर्या अधिकारीपदाची मर्यादा तर ३० वर्षे आहे, सवलती वेगळ्या. शिवाय जीएनएम झालेल्यांकडे तिथे किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव मागतात. म्हणजे शिकायला पस्तिशीपर्यंत मुभा द्यायची आणि शिकून झाल्यावर वय झाले म्हणून सांगायचे. हे नियम करणारी दोन टेबले एकमेकांशी बोलत नसावीत.

आमच्या मते म्हणूनच तिशीनंतर येणाऱ्यांनी सरकारी वा अनुदानित संस्थेतील जीएनएम आधी धुंडाळावे. कमाई एक वर्ष लवकर सुरू होते आणि पदवीची वाटही बंद होत नाही. पुढे दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बीएस्सी करता येते. एकूण वर्षे पाच होतात हे खरे, पण मध्ये पगार येतो. जीएनएम बंद करून पदवी हाच एकमेव मार्ग ठेवण्याचा विचार परिषदेने २०१९ मध्ये मांडला होता. तो तेव्हा अमलात आला नाही, हे अशा विद्यार्थ्यांचे भाग्यच म्हणायचे. एएनएमची एक बाजू फारशी कोणी सांगत नाही : एएनएम झालेल्या स्त्रीला पुढे जीएनएमसाठी वयाची अट राहत नाही.

मुलींच्या फीमाफीचा गाजावाजा झाला, त्याबद्दलही एक सावधगिरी. राज्याच्या जुलै २०२४ च्या निर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गीय कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झाले. पण ती सवलत केंद्रीभूत प्रक्रियेतून घेतलेल्या प्रवेशाला आहे. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की ती गेली.

सहा महिन्यांत ‘नर्सिंग’ शिकवण्याचे फलक शहराशहरांत लागलेले असतात. त्या प्रमाणपत्रावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी मिळत नाही, आणि नोंदणीविना ती व्यक्ती परिचारिका ठरत नाही. सर्वांत स्वस्त दिसणारी वाट सर्वांत महाग पडते ती इथेच.

पगाराबद्दलही डोळे उघडे हवेत. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये पन्नासहून कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेस किमान २० हजार रुपये द्यावेत, अशी शिफारस केली. बऱ्याच ठिकाणी ती शिफारसच राहिली. सरकारी परिचारिका मे २०२२ मध्ये संपावर गेल्या, त्यामागेही भरती बाहेरच्या संस्थेमार्फत करण्यास विरोध हे मोठे कारण होते. हक्काच्या जागा कंत्राटी होत असतील, तर साठवण मोडून शिकायला आलेल्या व्यक्तीचे सारे गणितच कोलमडते.

पस्तिशीची अट शिथिल करणे किंवा पदवीधरांसाठी कमी मुदतीचा अभ्यासक्रम आखणे, यासाठी संसदेत जाण्याची गरज नाही. नियामकाने विनियम बदलले की पुरे. तोवर ज्यांचे वय तेहतीस-चौतीस आहे, त्यांनी या वर्षीची अर्जाची मुदत चुकवू नये.